क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वसुलीवाले : आधी कागद, मग पैसे

विश्रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी कुणी ना कुणी पिशवीत कागद घालून येतं. मी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालोय, हे सांगलीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. येणाऱ्यांची हकिगत जवळजवळ सारखीच असते. कार्ड थकलं, फोन सुरू झाले, दोन महिने फोन उचललाच नाही. मग एके दिवशी एजंट दारात आला, शेजाऱ्यांनी पाहिलं, आणि लाजेपायी हाताशी होते ते पाच-दहा हजार त्याच्या नंबरवर पाठवून दिले. पावती नाही, थकबाकी जशीच्या तशी, आणि आठवड्याने फोन पुन्हा सुरू.

घोटाळा होतो तो क्रमात. पैसे आधी जातात, कागद मागाहून मागितला जातो, आणि मग तो मिळत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा, मधला टप्पा गाळू नका. हे सगळं बिनतारणी क्रेडिट कार्डाबद्दल आहे. घर, गाडी किंवा सोनं तारण असेल तर नियम वेगळे लागतात.

## टप्पा १ : वही, फाईल आणि खरा आकडा

कुणाशीही बोलण्याआधी एक दुपार काढा. बँकेच्या ॲपवरून किंवा ई-मेलमधून गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा आणि त्यांची प्रिंट घ्या. मोबाईलच्या स्क्रीनवर हा हिशेब नीट दिसत नाही. एका कोऱ्या पानावर चार रकाने पाडा : केलेली खरेदी, व्याज, विलंब शुल्क आणि इतर आकार, जीएसटी. महिन्यामागून महिना भरत जा. शेवटी प्रत्येक रकान्याची बेरीज करा.

ही बेरीज पाहिली की बहुतेक लोक गप्प होतात. साधं उदाहरण घ्या. समजा साठ हजार थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८ रुपये. एकूण २,४७८. तुम्ही ‘मिनिमम ड्यू’ (बिलावर छापलेली किमान भरायची रक्कम) म्हणून तीन हजार भरलेत, तर मुद्दलातून गेले फक्त ५२२ रुपये. शिवाय बाकी पुढे ओढली जात असते तेव्हा नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज लागतं. कार्डाने एटीएममधून रोख काढली असेल तर तिच्यावरही पहिल्या दिवसापासून. म्हणून पहिलं काम : कार्ड वापरणं आजपासून पूर्ण बंद. पेट्रोलसाठीसुद्धा नाही. कार्डावर लावलेली मोबाईल, विमा, सिनेमाची ॲपं अशी आपोआप कापली जाणारी वर्गणीही काढून टाका.

रकाने भरताना दोन गोष्टी तपासा. विलंब शुल्क हे देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवर लागायला हवं, पूर्ण बिलावर नाही. आणि न भरलेले शुल्क-कर मुद्दलात मिसळून त्यांच्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांसाठी काढलेल्या निर्देशांत म्हटलंय. काही वेगळं दिसलं तर त्या ओळीवर लाल पेनाने खूण करा. पुढे तक्रारीत आणि सेटलमेंटच्या बोलणीत ती कामाला येते.

वहीच्या पहिल्या पानावर तीन तारखा लिहा : शेवटचा भरणा कधी केला, पहिला हप्ता कधी चुकला, बँकेचं शेवटचं लेखी पत्र कधी आलं. मिनिमम ड्यू ९० दिवस भरला गेला नाही की खातं अनुत्पादक कर्जाच्या (एनपीए) वर्गात जातं, त्यामुळे तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे आहात की पलीकडे हे कळलंच पाहिजे.

सावधान : पगाराचं किंवा बचत खातं त्याच बँकेत असेल तर बँक त्यातली रक्कम रोखून थकबाकीकडे वळती करू शकते. तशी कलमं कार्डाच्या करारात असतात. पगार झाला आणि सकाळी खातं रिकामं, हे मी किती वेळा पाहिलंय. घरखर्चाचा पैसा दुसऱ्या बँकेत येईल अशी सोय वेळेत करा.

## टप्पा २ : घरात सांगा, गावाकडेही सांगा

हा टप्पा लहान आहे, पण लोक तोच टाळतात. सातारा-सांगलीकडची किती पोरं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, आणि आधारवरचा पत्ता मात्र कोरेगाव, पाटण, तासगाव, जतकडचा. कार्ड थकलं की पहिला माणूस त्या पत्त्यावर जातो. आईला काही माहीत नसतं. ती घाबरून पाटल्या मोडायला निघते.

घरच्यांना तीन वाक्यं पाठ करून द्या : “कर्ज त्याचं आहे. आम्ही जामीन नाही. त्याच्या नंबरवर बोला.” जामीनदार म्हणून सही केलेली नसेल तर आई-वडील, बायको, भाऊ यांपैकी कुणावरही हे देणं येत नाही. कार्डधारक वारला तरी वारसांची जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. ॲड-ऑन कार्डावरचा, म्हणजे तुमच्या खात्यावर घरच्यांना घेतलेल्या जादा कार्डावरचा खर्च मात्र मूळ कार्डधारकाच्याच अंगावर येतो.

## टप्पा ३ : किती देता येईल ते आधी स्वतःशी ठरवा

महिन्याच्या मिळकतीतून भाडं, किराणा, शाळेची फी, औषधं, जाणं-येणं वजा करा. उरतं त्यातले सगळे पैसे हप्त्याला लावू नका, थोडे बाजूला ठेवा. नाहीतर पोराला ताप आला की हप्ता चुकतो आणि केलेला करार मोडतो.

अजून ९० दिवस झाले नसतील तर थकबाकीचे हप्ते पाडून मागा. त्याचं व्याज साधारणपणे कार्डाच्या चालू व्याजापेक्षा कमी असतं. घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण कार्डापेक्षा स्वस्त पडतं, पण ते सोडवण्याची तारीख वहीत लिहूनच पाऊल उचला. भिशी लागली असेल तर ती मोठ्या एकरकमी सेटलमेंटसाठी राखून ठेवा, फुटकळ हप्त्यांत घालवू नका.

सावधान : कार्ड फेडायला खासगी सावकार किंवा झटपट कर्ज देणारं ॲप नको. एका हातातली दोरी सोडवायला दुसऱ्या हाताला फास लावायचा. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. त्यात अडकलाच असाल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते.

## टप्पा ४ : बँकेला पहिलं पत्र

आता बोलायचं, आणि ते बँकेशी, एजंटाशी नव्हे. बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल आणि पत्ता असतो. ई-मेल पाठवा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह टाका. मजकूर साधाच ठेवा :

“माझ्या क्रेडिट कार्डाचे (शेवटचे चार अंक ….) हप्ते अमुक महिन्यापासून मिळकत घटल्याने थकले आहेत. मला तोडगा काढायचा आहे. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात : आजच्या थकबाकीत मुद्दल, व्याज, शुल्क आणि कर किती, हे वेगवेगळे, वसुलीसाठी संस्था नेमली असल्यास तिचं नाव, दूरध्वनी आणि नेमणूकपत्राची प्रत, दरमहा …. रुपये या बेताने हप्ते बांधून मिळतील का. माझ्याशी याच क्रमांकावर संपर्क करावा. माझे कुटुंबीय, शेजारी आणि कामाचे ठिकाण यांच्याशी थकबाकीबाबत संपर्क करू नये.”

स्टेटमेंटमध्ये तुम्ही लाल खूण केलेल्या ओळी असतील तर त्या तारखेसह जोडा आणि त्याला स्पष्टपणे ‘तक्रार’ म्हणा. प्रकरण वसुली संस्थेकडे देताना बँकेने त्या संस्थेची माहिती कर्जदाराला द्यायची, आणि तक्रार निकाली निघेपर्यंत प्रकरण संस्थेकडे सोपवायचं नाही, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच दिल्यात. अर्थात तक्रार खरी हवी. वेळ काढायला केलेल्या तक्रारीला हे संरक्षण मिळत नाही.

पत्र टाकण्याआधी तपासा : शेवटच्या भरण्याला तीन वर्षं होत आलीत किंवा होऊन गेलीत का? असल्या देण्यासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदतीच्या आत तुम्ही थोडी रक्कम भरलीत किंवा देणं लेखी कबूल केलंत तर ती तेव्हापासून नव्याने मोजली जाते. मुदत उलटून गेल्यावर “पैसे देईन” असं सही करून लिहून दिलंत तर तो नवा करार धरला जाऊ शकतो. एजंट “निदान पाचशे तरी टाका, सद्भाव दिसेल” म्हणतो, त्यामागे कधीकधी हेच असतं. इतकं जुनं प्रकरण असेल तर पत्र आणि पैसा दोन्ही थांबवा आणि आधी वकिलाला दाखवा. पण नुकतं थकलेलं कार्ड घेऊन तीन वर्षं लपून बसायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. तेवढ्यात दावा लागतो, व्याज चढतं आणि घरातल्यांची झोप जाते.

## टप्पा ५ : फोन

पत्र गेलं की फोन उचला. फोन न उचलणं हीच सगळ्यात महाग पडणारी चूक, कारण त्यानंतरच माणूस दारात येतो.

पहिल्या मिनिटात विचारायचं : तुमचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव, कोणत्या बँकेतर्फे, परत फोन करायचा नंबर. वहीत तारीख-वेळेसह लिहा. मग एवढंच म्हणा : “मी बँकेला अमुक तारखेला पत्र दिलंय. उत्तर लेखी आलं की बोलू.” कार्डाचा पूर्ण नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी कधीच सांगायचा नाही. तारखेचा वायदा करायचा नाही. “सोमवारी टाकतो” असं तुम्ही सुटका म्हणून म्हणता, तिकडे ती नोंद होते, आणि सोमवार हुकला की पुढचा फोन वरच्या पट्टीतला असतो. हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

कॉल रेकॉर्डिंग सुरू ठेवा. व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका, कितीही घाणेरडे असले तरी.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, निनावी फोन, मित्र-नातेवाइकांना सतावणं, मोबाईल किंवा समाजमाध्यमांवर आक्षेपार्ह मजकूर टाकणं, सगळं मना आहे. आणि एजंटाने केलेल्या वागणुकीची जबाबदारी बँकेवरच राहते. “तो बाहेरच्या एजन्सीचा आहे” हे उत्तर चालत नाही.

अटकेची भीती घालतात तेव्हा : पैसे नसल्याने कार्ड थकणं हे दिवाणी देणं आहे, त्यासाठी पोलीस घरी येऊन कुणाला नेत नाहीत. “पोलीस ठाण्यातून बोलतोय, तासात वॉरंट निघतंय” असा फोन आला तर ठाण्याचं नाव आणि बक्कल नंबर विचारा आणि त्या ठाण्यात स्वतः फोन करून खात्री करा. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून केलेली अटक, ही गोष्ट कायद्यात नाही. घाबरून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा.

या सुटकेला अपवाद आहेत, तेही नीट समजून घ्या. कार्ड काढताना खोटे कागद दिले असतील तर तो फौजदारी मामला होतो. तुम्ही दिलेला चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तरी तशीच तरतूद २००७ च्या पेमेंट कायद्यात आहे. म्हणून खात्यात पैसे नसताना पुढच्या तारखेचे चेक देऊ नका, आणि सही करून कोरा चेक तर कधीच नाही. चेक परत गेल्याची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली की खटला टळतो. ते पंधरा दिवस वाया घालवू नका.

## टप्पा ६ : माणूस दारात आला तर

कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक जण माझ्याकडे यायचा. त्याच्याकडे एजंट आला त्या संध्याकाळी योगायोगाने मी तिथेच होतो. एजंटाने ओळखपत्र खिशातून अर्धंच काढलं, अंगठा बरोबर नावावर ठेवून. मी म्हटलं, “दादा, जरा हातात द्या, डोळ्याला कमी दिसतं.” त्याने दिलं. दारातल्या बल्बखाली त्याचा फोटो काढला. मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली होती. “बँकेचं अधिकारपत्र?” ते गाडीत राहिलं म्हणाला. “घेऊन या, तोवर चहा टाकतो,” असं त्या पोराची आई म्हणाली. तो परत आलाच नाही.

एवढंच करायचं असतं. एजंटाकडे तीन कागद हवेत : ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र, आणि तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत. तीनही पाहा, फोटो काढा, वेळ लिहा. बोलणं दारातच. आत यायचा हक्क त्याला नाही, नको म्हटलं तरी घुसला तर तो अतिक्रमणाचा गुन्हा. टीव्ही, मोटरसायकल, भांडी उचलून न्यायचा अधिकारही एजंटाला नाही. जप्ती फक्त न्यायालयाच्या हुकमाने होते आणि ती बेलीफ करतो.

आवाज चढवू नका, धक्काबुक्की तर मुळीच नको. गल्लीतले लोक जमले तर त्यांच्यासमोर शांतपणे एकच वाक्य बोला : “बँकेशी माझा पत्रव्यवहार सुरू आहे, यांना कागद दाखवायला सांगितलंय.” लाज वाटते, मला कळतं. पण त्या लाजेवरच तर हा सगळा खेळ चालतो.

सावधान : दारात रोख पैसे नाहीत आणि त्याच्या फोनवर यूपीआय नाही. “साहेब, आज पाच हजार द्या, केस थांबवतो” म्हणणाऱ्याच्या हातात केस थांबवणं नसतंच.

## टप्पा ७ : छळ होत असेल तर तक्रारीची पायरी

धमकी, मारहाण किंवा बाईमाणसाशी गैरवर्तन झालं तर थांबू नका. ११२ फिरवा, मग जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीबद्दलच आहे. ठाण्यात “आधी पैसे भरा ना” असं ऐकवलं गेलं तर नम्रपणे सांगा की देण्याचा प्रश्न बँकेशी आहे, तक्रार धमकीची आहे. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. पोच मिळत नसेल तर तोच अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या.

बाकीच्या त्रासासाठी क्रम असा : आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉटसह. तक्रार क्रमांक वहीत लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर अर्ज भरता येतो, फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर मराठीतून माहिती मिळते. लोक थेट लोकपालाकडे जातात आणि अर्ज परत येतो, कारण बँकेकडची पहिली तक्रारच नसते. म्हणूनच टप्पा ४ आधी घेतलाय.

तक्रारीत कहाणी लिहू नका. तारीख, वेळ, नंबर, काय बोलला, पुरावा कोणता. पाच ओळी पुरतात.

## टप्पा ८ : नोटीस, लवाद, समन्स, लोकअदालत

हे चार वेगवेगळे कागद आहेत आणि लोक चारही एकाच पिशवीत कोंबतात.

वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे. पण दिलेल्या मुदतीत तिला उत्तर द्या.

लवाद म्हणजे न्यायालयाबाहेर वाद ऐकून निवाडा देणारा माणूस. त्याची नोटीस सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. ती बरेचदा ई-मेलवर येते, दूरच्या शहरातून, सुनावणी ऑनलाइन. लोक जाहिरात समजून सोडून देतात. मग एकतर्फी निवाडा होतो आणि तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. बँकेने एकटीनेच लवाद नेमला असेल तर त्यावर लेखी हरकत घेता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा एकतर्फी नेमणुकीविरुद्ध निकाल दिलाय. निवाडा झालाच असेल तर आव्हान द्यायला सर्वसाधारणपणे तीन महिने मिळतात. ई-मेलचा स्पॅमसुद्धा आठवड्यातून एकदा उघडून बघा.

समन्स न्यायालयाकडून येतं. खरं की बनावट हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरण क्रमांकाने, नाहीतर पक्षकाराच्या नावाने तपासता येतं. खरं असेल तर हजर राहायचंच. संक्षिप्त दावा (पैशांच्या वसुलीसाठी झटपट चालणारा दावा) असेल तर हजेरी नोंदवायला फक्त दहा दिवस असतात. वकील परवडत नसेल तर सांगलीत विजयनगरला किंवा साताऱ्यात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना, तसंच वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. १५१०० ही त्यांची मदतवाहिनी.

हुकूमनामा झाला तरी सगळंच जात नाही. पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित राहतात. भविष्य निर्वाह निधी, मंगळसूत्र, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं यांनाही संरक्षण आहे.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, ती संधी आहे. दावा दाखल होण्याआधीची अशी प्रकरणं तिथे ठेवली जातात, न्यायालयीन फी लागत नाही, आणि बँकेचा ठरवण्याचा अधिकार असलेला माणूस समोर बसलेला असतो. पण तिथला निवाडा हुकूमनाम्याच्या तोडीचा असतो आणि त्याविरुद्ध अपील नाही. पेलणार नाही अशा हप्त्यावर सही करू नका. टप्पा ३ मधला आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवून जा.

## टप्पा ९ : सेटलमेंट

इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून सावकाश वाचा.

आधी एक गैरसमज. “बँकेने राइट ऑफ केलंय” म्हणजे माफ केलंय असं नाही. ती बँकेच्या वहीतली नोंद आहे, तुमचं देणं शिल्लकच राहतं. सेटलमेंट म्हणजे ठरलेली कमी रक्कम घेऊन बँक बाकीची सोडते. त्याची नोंद पतअहवालात ‘सेटल्ड’ अशी राहते आणि पुढच्या कर्जाला अडसर होतो. पूर्ण फेडायची ऐपत असेल तर पूर्णच फेडा, शुल्क आणि व्याजात सूट मागून.

बोलणी करताना पहिला आकडा तुमच्याकडचा कमी ठेवा आणि एकरकमी द्यायची तयारी दाखवा. टप्पा १ मधला चार रकान्यांचा कागद समोर ठेवा : “मी खरेदी एवढ्याची केली, आतापर्यंत एवढे भरले.” हे मांडणाऱ्या माणसाशी आमच्याकडचे लोक वेगळ्या आवाजात बोलायचे. तिमाही संपताना, विशेषतः मार्चअखेर, बँकेला खाती मिटवायची घाई असते.

आकडा ठरला की पत्र. पत्राशिवाय एक रुपया नाही. पत्रात हे सगळं हवं :

- बँकेचं लेटरहेड, तारीख, संदर्भ क्रमांक, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा
- तुमचं नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक
- एकूण थकबाकी, सेटलमेंटची रक्कम अंकी आणि अक्षरी
- भरायची शेवटची तारीख, हप्ते असतील तर प्रत्येकाची तारीख
- उरलेली रक्कम बँक सोडत आहे असं स्पष्ट वाक्य
- पैसे कोणत्या खात्यात भरायचे

गेल्या पावसाळ्यात मिरजेची एक शिक्षिका असं पत्र घेऊन आली. व्हॉट्सॲपवर आलेलं, बँकेचं चिन्ह धूसर, जणू फोटोचा फोटो. नाव बरोबर, रक्कम बरोबर. मी तिला म्हटलं, पाकिटातलं कार्ड काढा. शेवटचे चार अंक जुळेनात. खाली पैसे पाठवायला एका व्यक्तीच्या नावाचा यूपीआय पत्ता. ती दुपारी बावीस हजार पाठवणार होती.

पैसे भरण्याआधी : कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा, अमुक संदर्भ क्रमांकाचं पत्र तुमचंच का. शक्य असेल तर शाखेत जाऊन पत्र दाखवा. मग रक्कम थेट कार्ड खात्यात बँकेच्या ॲपवरून, किंवा बँकेच्या नावाच्या डिमांड ड्राफ्टने भरा. शेवटच्या दिवशी नाही, दोन दिवस आधी. हप्त्यांच्या सेटलमेंटमध्ये एक हप्ता हुकला की बहुतेक वेळा सगळी सूट रद्द होते आणि भरलेले पैसे जुन्या व्याजात जिरतात.

## टप्पा १० : पैसे भरल्यावर

मिटलं म्हणून लोक इथे थांबतात. अजून चार कामं आहेत.

व्यवहार क्रमांकासह पावतीची प्रिंट घ्या आणि बँकेला ई-मेल करून थकबाकी नसल्याचा दाखला, म्हणजे ‘नो ड्यूज’ पत्र मागा. तोंडी “सिस्टीममध्ये शून्य दिसतंय” हे पुरत नाही.

त्याच ई-मेलमध्ये कार्ड बंद करायची विनंती करा. सगळं देणं फिटलेलं असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, उशीर झाल्यास बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे आहेत. कुठे दिलेला चेक अडकला असेल तर तो परत मागा, खात्यावरचा स्वयंचलित वजावटीचा आदेश रद्द करा.

देणं मिटल्यापासून तीस दिवसांत बँकेने सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडची नोंद सुधारायची असते. देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दीड महिन्याने अहवाल काढा. थकबाकी अजून दिसत असेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवा, सोबत पत्र आणि पावती. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

आणि फाईल. सेटलमेंट पत्र, भरल्याची पावती, नो ड्यूज, बँकेशी झालेले ई-मेल, हे सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून रेशनकार्ड जिथे ठेवता तिथे ठेवा, आणि स्कॅन करून स्वतःलाच ई-मेल करा. बँका जुनी थकीत खाती दुसऱ्या कंपन्यांना विकतात, आणि त्या यादीत कधीकधी मिटलेलं खातंही जातं. कुपवाडच्या त्या लेथवाल्याला सगळं फिटल्यावर चार वर्षांनी नव्याच कंपनीचा फोन आला, व्याजासकट मोठा आकडा सांगणारा. त्याने आवाज चढवला नाही. कंपनीचा ई-मेल विचारून घेतला, नो ड्यूज पत्र आणि पावती पाठवली, आणि खाली लिहिलं, “उत्तर लेखी द्यावे.” तीन दिवसांनी उत्तर आलं, खातं त्यांच्या यादीतून काढल्याचं. त्या उत्तराचीही प्रिंट त्याने फोल्डरात लावली.